ब्रेक पॅड स्वस्त घ्या, पण अनोळखी घेऊ नका

गाडी रोज चालते. मुलांची शाळा, ऑफिस, मंडई, महिन्या-दोन महिन्यांनी गाव. मग एक दिवस गॅरेजवाला चाक काढून सांगतो, "साहेब, पुढचे पॅड संपलेत." तुमच्या तोंडून पहिला शब्द निघतो, "किती?"

यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही. घर चालवणारा माणूस आधी किंमतच विचारणार. अडचण अशी की उत्तर एक मिळत नाही. सर्व्हिस सेंटरचा आकडा एक, कोपऱ्यावरच्या गॅरेजचा दुसरा, मोबाइलवर तिसराच. लहान गाडीच्या पुढच्या संचाला कुठे सातआठशे मागतात, कुठे अडीच हजार. मग काही जण घाबरून सगळ्यात महाग उचलतात. काही जण वैतागून सगळ्यात स्वस्त.

माझं सांगणं एवढंच आहे. स्वस्त पॅड घ्यायला हरकत नाही. कोणी बनवला हेच कळत नाही असा पॅड मात्र घेऊ नका. आणि जे पैसे वाचतील त्यातले थोडे तो नीट बसवून घेण्यावर घाला. चांगला पॅड घाईत बसवला तर त्याचा चांगुलपणा वाया जातो.

आधी हे पाहा की पॅड खरंच संपलेत का.

नव्या पॅडवर घासला जाणारा मसाला साधारण दहा मिलिमीटर जाड असतो. तो तीन मिलिमीटरवर आला की बदलायची वेळ झाली. तीन मिलिमीटर म्हणजे किती, हे पाहायचं तर रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवा. तेवढी जाडी उरली असेल तर आता थांबू नका. दुप्पट-तिप्पट उरली असेल आणि समोरचा घाई करत असेल, तर "पुढच्या सर्व्हिसला बघू" असं सांगून खुशाल निघा.

मात्र पाहताना आतला पॅडही पाहा. पुढच्या प्रत्येक चाकावर दोन पॅड असतात, एक डिस्कच्या बाहेरच्या अंगाला आणि एक आतल्या. चाकाच्या फटीतून टॉर्च मारला तर बाहेरचाच दिसतो. पुष्कळ गाड्यांत आतला लवकर झिजतो. बाहेरचा अर्धा शिल्लक आणि आतला पत्र्यापर्यंत गेलेला, असंही होतं. म्हणून चाक काढल्यावर वाकून बघा. कपडे मळले तर मळू द्या.

गाडी स्वतःही सांगत असते. पावसात रात्रभर उभी राहिली आणि सकाळी पहिल्या दोनचार ब्रेकना खरखरली, तर घाबरू नका. डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो आणि घासून निघून जातो. पण रोज, प्रत्येक ब्रेकला बारीक शिट्टी वाजत असेल, तर बहुतेक पॅडवरची सूचनेची पत्ती डिस्कला टेकली आहे. ती पत्ती त्याचसाठी ठेवलेली असते. तेव्हा आठवडाभरात काम करून घ्या. कर्रर्र असा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, तर मात्र त्याच दिवशी. तिथून पुढे डिस्कही खराब होते, आणि डिस्कची जोडी पॅडपेक्षा महाग पडते.

आणखी एक खूण आहे. पॅड झिजत गेले की ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी हळूहळू खाली जाते. कधी समोरचा लाल दिवा लागतो. अशा वेळी नुसतं ऑइल ओतून दिवा घालवू नका. दिवा जाईल, झिजलेला पॅड तसाच राहील. आधी पॅड बघा, गळती बघा, मग ऑइलचं ठरवा.

आता जरा हिशोब मांडू, कारण "थोडा कमी लागतो, पण चालतंय" असं आपण फार सहज म्हणतो.

तुम्ही कोरड्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने जाताय. समोर रिक्षा अचानक वळली. पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो, आणि तेवढ्यात गाडी सतरा मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर चांगले ब्रेक तिला साधारण वीस मीटरमध्ये उभी करतात. आता त्याच गाडीला असे पॅड लावा की जे साधारण तीस टक्के कमी पकड देतात. त्यांना अठ्ठावीस मीटर लागतात. आठ मीटर जास्त, म्हणजे दोन लहान गाड्यांच्या लांबीहून अधिक. पण खरी गोष्ट पुढेच आहे. चांगल्या ब्रेकची गाडी ज्या जागी उभी राहिली, त्या जागी ही दुसरी गाडी अजून ताशी ३२ किलोमीटरने धावते आहे. रिक्षा त्याच जागी असते.

"माझ्या गाडीत एबीएस आहे," असं काही जण म्हणतात. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं, हे खरं. पण एबीएसचं काम चाक जाम होऊ न देणं आणि स्टिअरिंग तुमच्या हातात ठेवणं. कमी पकडीच्या पॅडला ते जास्त पकड देत नाही.

बरं, मग घ्यायचं काय?

एक गोष्ट सगळ्यांना माहीत नसते. गाडीच्या कंपन्या ब्रेक पॅड सहसा स्वतः बनवत नाहीत. ते काम वेगळ्या कारखान्यांचं असतं. त्यांचाच माल गाडीच्या कंपनीच्या खोक्यात जातो. हेच कारखाने स्वतःच्या नावाच्या खोक्यातही पॅड विकतात, आणि ते बहुतेक वेळा स्वस्त असतात. खोक्यावरच्या गाडीच्या कंपनीच्या नावाचे पैसे तेवढे कमी झालेले असतात. दोन्ही खोक्यांतला मसाला शंभर टक्के एकच असतो असं मी म्हणणार नाही. पण ज्यांचा धंदाच ब्रेकचा आहे, त्यांचा साधा पॅडही रोजच्या वापराला पुरेसा असतो.

आपल्याकडे दुकानात सहज मिळणारी नावं सांगतो. चेन्नईची राणे. ब्रेक्स इंडिया, जिला जुने मिस्त्री अजून टीव्हीएस गर्लिंग म्हणतात. अलाइड निप्पॉन, बॉश, ब्रेम्बो, व्हॅलिओ, युनो मिंडा. यातलं अमुकच घ्या असं माझं म्हणणं नाही. तुमच्या गाडीसाठी यातलं जे मिळेल आणि बजेटात बसेल ते घ्या. आणखीही चांगले असतील. कसोटी एवढीच की बनवणाऱ्याचं नाव विचारल्यावर दुकानदाराला सांगता आलं पाहिजे.

सिरॅमिक, सेमी-मेटॅलिक असे शब्द कानावर पडतील. त्यात फार अडकू नका. सिरॅमिकची काळी पूड चाकावर कमी दिसते, आवाज कमी येतो, किंमत जास्त असते. धातूचा भाग जास्त असलेला पॅड उष्णता बरी सोसतो, पण थोडा आवाज करतो आणि डिस्क जास्त खातो. कारखान्यातून गाडीला ज्या प्रकारचा पॅड आला, त्याच प्रकारचा लावा. शहरात फिरणाऱ्या चारजणांच्या गाडीला रेसचा पॅड लावणं तर चूकच. तो तापल्याशिवाय पकडत नाही, आणि सकाळी सोसायटीच्या गेटशी तो थंडच असतो.

पॅडच्या पाठीवर किंवा कडेला कधी इंग्रजीतली दोन अक्षरं जोडून छापलेली दिसतात. ईई, एफएफ, जीजी अशी. पहिलं अक्षर पॅड साधारण तापमानाला कसा पकडतो ते सांगतं, दुसरं खूप तापल्यावर. ईपेक्षा एफ जास्त पकडतो, एफपेक्षा जी. घरच्या गाडीला एफएफ असेल तर निश्चिंत राहा. पहिलं अक्षर जास्त पकडीचं आणि दुसरं कमी पकडीचं असेल, तर तो पॅड घाटात ढिला पडणारा आहे असं समजा. पत्र्यावर गोलात ई आणि त्यापुढे ९०आर असा आकडा असेल तर तीही चांगली खूण. युरोपच्या नियमाप्रमाणे त्याची मूळ पॅडशी तुलना झालेली असते आणि पंधरा टक्क्यांहून जास्त फरक चालत नाही. ही खूण नाही म्हणून पॅड वाईट ठरत नाही. आहे तर बरं, एवढंच.

खरा धोका आहे डुप्लिकेटचा. त्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो.

डुप्लिकेट माल नेहमी साध्या खोक्यात येत नाही. तो नामांकित कंपनीच्या हुबेहूब खोक्यात येतो. म्हणून खोकं हातात घेऊन वाचा. बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, महिना आणि वर्ष, एमआरपी, तक्रारीसाठी फोन नंबर, हे सगळं पाकिटबंद मालावर छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. यातलं काही नसेल तर खोकं परत द्या. कारण सांगत बसू नका. शुद्धलेखन बघा. रंग फिके, अक्षरं तिरकी, कंपनीच्या नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे, असं काही दिसलं की सावध व्हा. बऱ्याच कंपन्या आता होलोग्राम किंवा खरवडून नंबर तपासायची सोय देतात. तिथेच दुकानात मोबाइलवर तपासा. दुकानदार चांगला असेल तर त्याला राग येत नाही.

मग खोकं उघडून बघा. चार पॅड आहेत का? पत्र्यावर तोच पार्ट नंबर ठोकलेला आहे का, जो खोक्यावर आहे? मसाला पत्र्याला सगळीकडून चिकटलेला हवा. कडेला फट, चीर, कोपरा तुटलेला, असं काही असेल तर नको. पूर्वी ब्रेकमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा, त्याची धूळ फुप्फुसाला घातक. म्हणून ॲस्बेस्टॉस नाही असं खोक्यावर लिहिलेलं आहे का, तेही बघा. नाव-गाव नसलेल्या पॅडमध्ये काय घातलं आहे, ते सांगणारा कोणी नसतो.

दुकानात जाताना आरसीची प्रत आणि शक्य असेल तर जुना पॅड घेऊन जा. एकाच नावाच्या गाडीत वर्षाप्रमाणे, मॉडेलप्रमाणे वेगळे पॅड येतात. "स्विफ्टचे द्या" एवढ्यावर काम भागत नाही. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊस, तिकडची जुनी दुकानं चेसिस नंबरवरून बरोबर पॅड काढून देतात. गावात असाल तर तालुक्याच्या ठिकाणी जे दुकान वर्षानुवर्षं उभं आहे, तिथे जा. उद्या तक्रार घेऊन जायचं झालं तर दुकान जागेवर असलं पाहिजे.

ऑनलाइन घेणार असाल तर पैसे वाचू शकतात. पण विकणारा कोण ते बघा. कंपनीचं स्वतःचं दुकान असेल किंवा नावाजलेला विक्रेता असेल तरच घ्या. आणि चाक काढायच्या आदल्या आठवड्यात मागवा. गाडी जॅकवर आणि पॅड बसत नाही, अशी वेळ यायला नको.

बिल मात्र पक्कं घ्या. "बिल नको असेल तर दोनशे कमी" हे ऐकायला गोड वाटतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सगळ्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के झाला आहे. पूर्वी बऱ्याच भागांवर तो २८ होता. म्हणजे कर आता आधीपेक्षा कमीच आहे, आणि एमआरपीत तो धरलेलाच असतो. बिलावाचून खोटा माल परत करता येत नाही. दुकानदार ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच येतो.

इथपर्यंत खरेदी झाली. आता बसवणं. माझ्या मते निम्मं काम इथे आहे, आणि बहुतेक लोक इथेच चहा प्यायला निघून जातात. जाऊ नका. वीस-पंचवीस मिनिटं उभे राहा.

पहिली गोष्ट. पॅड दोन्ही बाजूंचे एकदम बदलायचे. "डावीकडचाच संपलाय, उजवीकडचा चालेल" असं कोणी म्हटलं तर नको म्हणा. एक बाजू जास्त पकडली की ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते. ओल्या रस्त्यावर ते फार वाईट. आणि एका बाजूचा आधी का संपला, हे विचारा. बहुतेक वेळा तिथली पिन जाम झालेली असते.

या पिनांबद्दल आवर्जून सांगतो. ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, दोन पिनांवर पुढे-मागे सरकतो. त्या गंजल्या, त्यातलं ग्रीस वाळलं, की कॅलिपर अडकतो. मग एक पॅड डिस्कला चिकटून राहतो, गरम होतो, लवकर संपतो. गाडीचा ॲव्हरेजही पडतो. कोकणात, किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना याचा त्रास जास्त. खारी हवा, चार महिने पाऊस, आणि गाडी कधी कधी आठवडाभर अंगणात उभी. तुम्ही कितीही महाग पॅड लावा, पिन जाम असेल तर तो पैसा डिस्कवर घासून जाणार.

मिस्त्रीला नीट शब्दांत सांगा. "दादा, पिना बाहेर काढून पुसा, आणि ब्रेकचं ग्रीस लावा." ब्रेकच्या पिनांचं ग्रीस वेगळं असतं, सिलिकॉनचं, उष्णता सोसणारं. चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं तर पिनेवरचं रबर फुगतं आणि पुन्हा जाम होतं. ते छोटं पाकीट फार महाग नसतं. गॅरेजमध्ये नसेल तर पॅडबरोबर तुम्हीच घेऊन जा. आणि ग्रीसचं बोट पॅडच्या मसाल्याला किंवा डिस्कला लागू देऊ नका. लागलंच तर ब्रेक क्लीनरनं डिस्क पुसून घ्या. मसाल्यात ग्रीस मुरलं असेल तर तो पॅड बाद.

कॅलिपर खोलल्यावर तो ब्रेकच्या रबरी पाइपवर लोंबकळत सोडायचा नाही. तारेनं वर बांधायचा. पाइप आतून चिरला तर बाहेरून दिसत नाही.

धूळ उडवायला कॉम्प्रेसरची हवा मारू देऊ नका. ती पूड श्वासातून आत जाते, मिस्त्रीच्या आणि तुमच्याही. ओल्या फडक्यानं किंवा ब्रेक क्लीनरनं पुसायला सांगा. लहान मूल बरोबर असेल तर त्याला लांब उभं करा.

डिस्कवर बोट फिरवा, थंड असतानाच. खोल चर जाणवतायत का? कडेला धार आली आहे का? बहुतेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. "डिस्क पण बदलावी लागेल" असं ऐकलं की घाबरू नका आणि भांडूही नका. "जाडी मोजून दाखवा," असं म्हणा. मापाच्या खाली गेली असेल तर बदला, दोन्ही बाजूंची. जाडी पुरेशी असेल पण पृष्ठभाग वरखाली असेल, तर लेथवर घासून सरळ करता येते. ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरत असेल तर हे काम आत्ताच करून घ्या. वाकड्या डिस्कवर नवा पॅडही वाकडाच झिजतो.

मागच्या चाकांना ड्रम असतील तर त्यातले लायनरही याच वेळी उघडून बघायला सांगा. ते बहुतेक वेळा शिल्लक असतात, कारण ब्रेकचा मोठा भार पुढच्या चाकांवर येतो. नुसती साफसफाई आणि हँडब्रेकचं सेटिंग करून काम भागेल.

आणि ब्रेक ऑइल. हे इतकं विसरलं जातं की पाच-पाच वर्षं तेच चालू असतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. ताजं डॉट ४ ऑइल २३० अंशांच्या आत उकळत नाही. ओलावा भरल्यावर तेच दीडशेच्या आसपास उकळू शकतं. घाटात ब्रेक तापले आणि ऑइल उकळलं, तर पाइपात वाफ होते आणि पेडल खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदला. डॉट ३ की डॉट ४, ते डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. सीलबंद बाटलीतलंच घ्या. गॅरेजच्या फळीवरची अर्धी उघडी बाटली नको. आणि रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, नाहीतर रंग उचलतो.

तुमच्याकडे पैसे मोजकेच असतील, तर मी सांगेन की महाग पॅड सोडा, मध्यम पॅड घ्या, आणि उरलेल्यात ऑइल बदला. रोजच्या गाडीला त्याचा फायदा जास्त.

जुने पॅड परत मागून घ्या. बदलले की नाही ते कळतं, आणि कसे झिजले तेही दिसतं. चारही सारखे झिजले असतील तर तुमचे ब्रेक निरोगी आहेत. एखादा तिरका किंवा एकटाच संपलेला असेल तर मिस्त्रीला दाखवा. घरी नेऊन मग भंगारात टाका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पॅड बसवून झाले, चाक लागलं, गाडी खाली आली. चावी फिरवून लगेच निघू नका. नवे जाड पॅड बसवताना कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलावा लागतो. त्यामुळे पहिल्यांदा ब्रेक दाबला की पेडल थेट खाली जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणून उभ्या गाडीत, इंजिन चालू करून, पेडल चारपाच वेळा दाबा. ते घट्ट, वर आलं की मगच गिअर टाका. गॅरेजच्या दारातच गाडी समोरच्या भिंतीला लागते, ती बहुतेक याच कारणानं. चाकाचे नट आवळले का, तेही एकदा विचारून घ्या. पेडल दाबूनही मऊच राहत असेल तर पाइपात हवा आहे. ती काढल्याशिवाय गाडी नेऊ नका.

पहिले दोनतीनशे किलोमीटर जरा सांभाळून. नवा पॅड आणि जुनी डिस्क एकमेकांशी जुळायला वेळ लागतो. मोकळा रस्ता पाहा, मागे कोणी नाही याची खात्री करा. पन्नास-साठच्या वेगावरून दहा-पंधरापर्यंत मध्यम जोरानं ब्रेक दाबत या. पूर्ण थांबू नका. थोडं चालवून डिस्क थंड होऊ द्या, मग पुन्हा. असं आठदहा वेळा केलं तरी पुष्कळ. थोडा वास येईल, तो चालतो. नंतर गाडी उभी करताना लगेच हँडब्रेक ओढून ठेवू नका.

म्हणूनच सांगतो, गणपतीला कोकणात जायचं असेल तर आदल्या रात्री पॅड बदलू नका. आठदहा दिवस आधी बदला. अगदी सणाच्या तोंडावर गॅरेजमध्ये तशीही झुंबड असते आणि मिस्त्रीला तुमच्या पिना पुसायला वेळ नसतो. शिवाय नवे पॅड, भरलेली गाडी, पाऊस आणि कशेडी किंवा आंबा घाट, हे सगळं एका दिवशी नको.

घाटाचं निघालंच आहे तर एवढं ऐकून घ्या. पॅड कितीही चांगला असला तरी उतारावर सतत ब्रेकवर पाय ठेवला तर तो तापणार. ज्या गिअरनं चढला असता, त्याच गिअरनं उतरा. इंजिन गाडीला मागे ओढून धरतं. ब्रेक थोडा थोडा, पण ठामपणे मारा आणि सोडा. ऑटोमॅटिक असेल तर लिव्हर एल किंवा २ वर आणा, किंवा हातानं गिअर कमी करा.

न्यूट्रलमध्ये टाकून, पेट्रोल वाचतं म्हणून, कोणी उतरत असेल तर त्याला थांबवा. घरातला मोठा माणूस असला तरी थांबवा. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये उतरताना पाय काढला की पेट्रोल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं जळतच राहतं. म्हणजे वाचत काही नाही. आणि इंजिनच बंद केलं तर दोनतीन वेळा ब्रेक दाबल्यावर पेडल दगडासारखं होतं, कारण ब्रेकला जोर देणारी मदत इंजिनाकडून येते.

उतारावर जळका वास आला, पेडल नेहमीसारखं घट्ट लागतंय पण गाडी कमी थांबतेय, असं वाटलं, तर पॅड तापून ढिले पडले आहेत. पेडल मऊ होऊन खाली जायला लागलं तर ऑइल उकळतंय. दोन्हींत पहिलं काम गिअर कमी करणं, दुसरं मोकळी जागा बघून बाजूला घेणं. अर्धा तास थांबा. डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते. पॅड ढिले पडले असतील तर थंड झाल्यावर बरेचसे ताळ्यावर येतात. पेडल मऊच राहिलं असेल तर मात्र पुढे जाऊ नका, मदत मागवा.

गाडी वॉरंटीत असेल तर पॅड त्यात धरत नाहीत, ते झिजणारे भाग आहेत. पण ब्रेकला दुसरी काही तक्रार असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला दाखवा, बाहेर उघडू नका.

पॅड किती चालतील, हे विचारू नका. शहरात, सिग्नल टू सिग्नल, तीस हजार किलोमीटरला संपतात. हायवेवर पन्नास हजारही जातात. स्वस्त पॅड थोडा आधी संपेल, आणि तेवढं चालायला हवं. दर दहा हजारांनी चाक काढून पाहिलं की अचानक काही घडत नाही. बिलावर पेननं तारीख आणि किलोमीटर लिहा, ऑइल बदललं असेल तर तेही, आणि ते आरसीच्या पाकिटातच ठेवा. गाडी घरात दुसरं कोणी चालवत असेल तर त्याला ते कुठे आहे ते दाखवा.